उघड्या काँक्रीटला शेवटी प्लास्टर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘द ब्रूटलिस्ट’ या सिनेमावर तुमच्याकडे आधी एक भरभरून कौतुकाचा लेख आला आणि मग त्याच्यावर ‘साडेतीन तास डोक्याला ताप’ अशा अर्थाची दोन पत्रं आली, ती सगळी वाचली. दोन्हीकडचं थोडं थोडं पटलं, पण दोघंही नुसते घड्याळ बघून भांडतायत असं वाटलं म्हणून हे लिहायला घेतलं. मी सिनेमाचा जाणकार वगैरे अजिबात नाही. ३५ वर्षं साइट इंजिनिअर म्हणून काढली, सगळं आयुष्य सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटखालचे टेकू-फळ्या), सळ्या आणि स्लॅब यातच गेलं. मुलगी आर्किटेक्ट आहे, ती म्हणाली, बाबा तुमच्या काँक्रीटवरचा पिक्चर आलाय चला, म्हणून गेलो, नाहीतर साडेतीन तासांच्या इंग्रजी पिक्चरला मी कशाला जातोय. (ज्यांनी बघितला नाहीये आणि बघायचाय त्यांनी पुढचं वाचू नका, मी शेवटपर्यंतचं सगळं सांगणार आहे.)

आधी एक गैरसमज काढून टाकतो. एका पत्रात लिहिलंय की नावातच ब्रूटल आहे म्हणजे क्रौर्याचा पिक्चर. तसं नाहीये हो. ते नाव आलंय फ्रेंचमधल्या ‘बेतों ब्रूत’ वरून, म्हणजे कच्चं, उघडं काँक्रीट. शटरिंग, म्हणजे ओतायचा फळ्यांचा साचा, काढल्यावर जसं दिसेल तसंच ठेवायचं, फळ्यांच्या रेषा उमटल्या तर उमटू देत, वर गिलावा नाही, रंग नाही. आपल्याकडे चंदीगडला ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टने केलेलं काम याच जातीचं. आता हे करणं वाटतं तेवढं सोपं नाही, उलट जास्त अवघड. साध्या बिल्डिंगला ओलं काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरवला नाही आणि कॉलमला हनीकोंबिंग आलं, म्हणजे खडी उघडी पडून मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसायला लागली, की मिस्त्री म्हणतो काही नाही साहेब, प्लास्टरमध्ये जाईल. उघड्या कामात काहीच जात नाही, जी चूक झाली ती पुढची पन्नास वर्षं सगळ्यांसमोर. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्यावर परत येणार आहे.

तर सिनेमा. दिग्दर्शक ब्रेडी कॉर्बे, जन्म १९८८ चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा पोरगा ३६ वर्षांचा. लेखन त्याचं आणि मोना फास्टव्होल्ड या त्याच्या जोडीदारणीचं. मोठ्या स्टुडिओचा पैसा नाही, सगळा मिळून खर्च १ कोटी डॉलरच्या आत, म्हणजे आपले ८०-८५ कोटी. आपल्याकडे याच्यापेक्षा जास्त पैसे घातलेले मोठ्या हीरोचे पिक्चरही पडतात. एवढ्या पैशात यांनी १९४७ ची फिलाडेल्फिया उभी केली, बरीचशी हंगेरीत, इटलीत करारा नावाच्या गावच्या संगमरवराच्या खाणींमध्ये जाऊन शूटिंग केलं, आणि तेही व्हिस्टाव्हिजन नावाच्या जुन्या पद्धतीने, ज्यात फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी सरकते आणि त्यामुळे निगेटिव्ह मोठी मिळते. ही पद्धत पॅरामाउंटने १९५४ मध्ये आणली होती आणि साठीच्या सुरुवातीला ती जवळजवळ बंदच पडली. व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला २०२४ मध्ये कॉर्बेला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, ऑस्करला १० नामांकनं आणि त्यातली ३ बक्षिसं, एड्रियन ब्रोडीला अभिनयाचं, लोल क्रॉलीला छायाचित्रणाचं आणि डॅनिएल ब्लूमबर्गला संगीताचं. ब्रोडीसाहेब स्टेजवर साडेपाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले, मध्येच म्युझिक सुरू झालं तर ते बंद करा म्हणाले. सिनेमाच्या लांबीला शोभेलसंच झालं म्हणायचं!

एकूण लांबी २१५ मिनिटं, पण त्यात १५ मिनिटांचं मध्यंतर धरलंय, ते पिक्चरचाच भाग आहे, पडद्यावर एक लग्नाचा जुना फोटो येतो आणि खाली घड्याळ उलटं धावत राहतं. अमेरिकेत म्हणे याची केवढी चर्चा झाली, मध्यंतर, बघा बघा मध्यंतर! आमच्या शोला कोणाला काहीच वाटलं नाही, लोक उठले, समोसे घेऊन परत आले. ज्या देशात राज कपूरने ‘संगम’ आणि ‘मेरा नाम जोकर’ ला दोन दोन इंटरव्हल दिले, ‘लगान’ पावणेचार तास लोकांनी उभ्याने टाळ्या वाजवत बघितला, तिथे लांबीचं भय कोणी कोणाला घालायचं? आणि मराठी माणसाने तर अजिबातच तक्रार करू नये, आमच्या आजोबांच्या पिढीने रात्रभर चालणारी संगीत नाटकं वन्समोअर घेऊन घेऊन बघितलीत, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’पासूनची तिन्ही नाटकं एकापाठोपाठ लावली तेव्हा लोक सकाळपासून डबे घेऊन बसले होते असं त्या वेळी गेलेले मित्र अजून सांगतात. त्यामुळे मिनिटं मोजू नका. ती कुठे खर्च केली ते बघा.

मध्यंतरापर्यंतचा पहिला भाग, साधारण शंभर मिनिटांचा, मला एक मिनिटही जास्त वाटला नाही. सुरुवातच बघा ना. अंधार, गर्दी, धक्काबुक्की, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, आणि मग लास्लो तोथ (एड्रियन ब्रोडी) नावाचा हा हंगेरियन ज्यू आर्किटेक्ट, छळछावणीतून जिवंत सुटलेला, जहाजाच्या पोटातून वर येतो आणि समोर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पण उलटा, डोकं खाली. पाठीमागे ब्लूमबर्गचं ते ब्रासचं संगीत, छातीत घुसतं अक्षरशः. (लास्लो खरा कोणी नव्हता बरं का, माझ्या शेजारच्या काकांनी घरी जाऊन त्याच्या बिल्डिंगचे फोटो शोधले.) मग चुलतभाऊ अटिलाचं फर्निचरचं दुकान, तिथल्या मागच्या खोलीत झोपायचं, आणि मग त्या बड्या श्रीमंत व्हॅन ब्युरेनच्या घरात लायब्ररी करायचं काम, जे त्याच्या मुलाने बापाला सरप्राइज म्हणून दिलेलं असतं. त्या लायब्ररीला सिनेमाने भरपूर वेळ दिलाय आणि तो वेळ सार्थकी लागलाय. जुने जड पडदे उतरवतात, उंचच उंच फळ्यांची दारं बसवतात, ती एकदम पंख्यासारखी उघडतात, आणि मध्ये फक्त एक आरामखुर्ची, बाकी मोकळं. मी माझ्या आयुष्यात शेकड्याने हँडओव्हर केलेत, रिकाम्या तयार खोलीत पहिल्यांदा ऊन येतं तेव्हा पोटात जे होतं ना, ते मी पडद्यावर पहिल्यांदा बघितलं. आणि मग मालक येतो आणि आरडाओरडा करून सगळ्यांना हाकलून देतो. पैसेही नाहीत. हेही साइटवर बघितलंय, जास्त काय सांगणार.

तोच मालक पुढे, मासिकात त्या लायब्ररीचे फोटो छापून आल्यावर, लास्लोला कोळसा उपसायच्या कामावरून शोधून काढतो, आणि आता मात्र तुमच्याशी बोलून बुद्धीला खाद्य मिळतं वगैरे म्हणत त्याला मांडीला मांडी लावून बसवतो. गाय पिअर्सने हा माणूस असा केलाय की त्याच्या गोड बोलण्याचीच भीती वाटावी. असे शेठ आपल्याकडेही असतात, कलावंताला जेवायला बोलावतात, पाहुण्यांना दाखवतात, आणि बिल द्यायच्या वेळी फोन उचलत नाहीत. हे नातं हळूहळू, जेवणावळीतून, पार्टीतून, टेकडीवरच्या फिरण्यातून तयार होतं, ते घाईत दाखवताच आलं नसतं. सात दिवसांत काँक्रीटला दोन तृतीयांशच्या आसपास ताकद येते, पूर्ण भरवसा धरायला २८ दिवस थांबावं लागतं, मध्ये रोज पाणी मारून क्युअर करत बसायचं, बाहेरच्याला वाटतं इथे काही चाललंच नाहीये. पहिला भाग तसा क्युअर केलेला आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग सांगतो, ज्याच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. व्हॅन ब्युरेन आईच्या नावाने टेकडीवर एक मोठी वास्तू बांधायला घेतो, हॉल, जिम, लायब्ररी, चॅपेल सगळं एकात. खर्च वाढायला लागल्यावर त्याची माणसं म्हणतात उंची कमी करा. लास्लो भडकतो, सगळं करीन पण उंची कमी करणार नाही, हवं तर माझ्या फीमधून कापा. बापरे. ज्याने कधी साइटवर काम केलंय त्याला हा सीन अंगावर येतो. माझ्या एका साइटवर बिल्डरने मजल्यामागे सहा इंच उंची कमी करायला लावली होती, कोणाला कळतंय म्हणाला, आणि खरंच कागदावर ते कोणाला कळलं नाही, पण ज्यांनी फ्लॅट घेतले ते पहिल्या उन्हाळ्यात माझ्याकडे यायला लागले की इथे कोंडल्यासारखं होतं हो. मी काही बोललो नव्हतो तेव्हा, नोकरी होती. लास्लो बोलतो. आणि गंमत बघा, कॉर्बेने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की या सिनेमातून त्याला एक पैसाही मिळाला नाही. म्हणजे फी सोडून उंची राखणारा माणूस त्याला कुठे शोधायला जायची गरज पडली नसणार.

इथवर माझी काही तक्रार नाही. पण मध्यंतरानंतर गाडी घसरते, आणि खरोखरच घसरते, सामान घेऊन येणारी मालगाडी रुळावरून उतरते, काम बंद पडतं, लोकांना काढून टाकतात. त्यानंतर सिनेमालाच कळत नाही की आता काय महत्त्वाचं. लास्लोची बायको एर्झेबेट शेवटी अमेरिकेत येऊन पोचलेली असते, व्हीलचेअरमध्ये, छावणीतल्या उपासमारीने हाडं गेलेली. फेलिसिटी जोन्सने काम चांगलं केलंय. पण ही बाई पत्रकार होती, शिकलेली होती, हे आपल्याला फक्त सांगितलं जातं. पहिल्या भागात जशी नुसती लायब्ररी रिकामी करायला वेळ होता तसा या बाईच्या एका कामाच्या दिवसाला वेळ नाहीये. ती येते, रडते, भांडते, दुखण्याने ओरडते. गॉर्डन हा लास्लोचा काळा मित्र, पोर सांभाळत अन्नछत्राच्या रांगेत भेटलेला, त्याचं तर अजूनच वाईट. एवढी वर्षं बरोबर, आणि लास्लो चिडून ओरडतो आणि गॉर्डन सिनेमातूनच निघून जातो, मागे वळून कोणी बघत नाही. साडेतीन तास हाताशी असून जागा नाही म्हणजे काय? प्लॅनमध्ये लॉबी एवढी मोठी काढली आणि स्वयंपाकघरच विसरलं असा प्रकार. माझी बायको, जी आली नव्हती पण तिला घरी येऊन मी सगळी स्टोरी सांगितली, तिने पहिला प्रश्न हाच विचारला, मग त्या मित्राचं काय झालं?

आणि करारा गावातल्या खाणीचा प्रसंग. खाणीतलं चित्रण असं आहे की बघत राहावं, पांढरे डोंगर कापून काढलेले, धुकं, हातगाड्या. तिथेच रात्री व्हॅन ब्युरेन नशेत पडलेल्या लास्लोवर अत्याचार करतो. धनिक माणूस कलावंताला ओरबाडतो हे आपण दोन तास बघत होतो, प्रत्येक जेवणात, प्रत्येक शेकहँडमध्ये, ते कळलं होतं की आम्हाला. मग तीच गोष्ट शरीरावर करून दाखवायची म्हणजे प्रेक्षकाच्या अकलेवर भरवसा नाही असं झालं. त्यापेक्षाही मला खटकलं ते हे की एवढं भयंकर घडल्यावर लास्लोच्या आत काय होतं त्याला सिनेमा वेळच देत नाही. तो आणखी चिडका होतो, साइटवर लोकांवर ओरडतो, बस. इथे खरं तर थांबायला हवं होतं, इथे हवी होती ती लांबी. सेंट्रिंग लवकर काढलं की स्लॅबला पोट येतं, पडत नाही लगेच, पण झोळ दिसतो. दुसऱ्या भागाला तसा झोळ आहे.

तरी त्यातही एर्झेबेट वॉकर घेऊन कशीबशी त्या घरात जेवणाच्या टेबलाशी येऊन सगळ्यांसमोर जे बोलते तो सीन जबरदस्त आहे, हे मान्य करावंच लागेल. त्यानंतर व्हॅन ब्युरेन गायब होतो, बॅटऱ्या घेऊन त्या अर्धवट इमारतीत शोधाशोध, हाका, आणि मग उजेडाचा तो क्रॉस. माणूस सापडला की नाही, मेला का, काही सांगत नाहीत. आमच्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, अरे मग झालं काय? मला मात्र तिथेच उठून घरी जायला आवडलं असतं, खरं सांगतो. एवढी मोठी इमारत बांधून तिने मालकालाच गिळलं, याहून जास्त काय पाहिजे.

मध्येच एक विषय, कारण त्या दुसऱ्या पत्रात त्यावर बराच राग होता, एआयचा. ब्रोडी आणि जोन्सच्या हंगेरियन बोलण्यातले उच्चार सॉफ्टवेअरने थोडे सुधारलेत, असं एडिटर डेव्हिड यान्चो, जो स्वतः हंगेरियन भाषिक आहे, त्यानेच सांगितलं. ब्रोडीची आई १९५६ नंतर हंगेरीतून निघालेली, म्हणजे त्याला ती भाषा कानाने माहितीय. मला यात एवढं आभाळ कोसळल्यासारखं काही वाटत नाही. पुढे चला.

तर शेवट. व्हेनिस, १९८०, पहिलं आर्किटेक्चर बिएनाले, म्हणजे वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन. म्हातारा लास्लो व्हीलचेअरवर, तोंडातून शब्द नाही, आणि त्याची भाची झोफिया, जी सुरुवातीला मुकी होती, ती माइकवर भाषण देते. त्यात ती सांगते की त्या टेकडीवरच्या इमारतीतल्या खोल्यांची मापं छळछावणीतल्या कोठड्यांची आहेत, त्याची छावणी आणि बायकोची छावणी, आणि त्या दोन्हींना जोडणारे बोळ त्याने काढले, फक्त छत मात्र उंच ठेवलं, मान वर केली तर मोकळं दिसावं म्हणून.

हे ऐकल्यावर मला आधी काटा आला आणि मग राग आला. काटा का, तर उंचीचं भांडण एकदम उलगडलं, तो फी का सोडत होता ते कळलं. आणि राग का, तर हे मला भाषणात का सांगितलं? दुसऱ्यांदा घरी बघितला तेव्हा मी मुद्दाम वही घेऊन बसलो, जुनी सवय, की या मापांचा माग आधी कुठे आहे का. अरुंद बोळ आहेत, वरचा उजेड आहे, उंचीवरून जीव तोडून केलेलं भांडण आहे. पण लास्लोने कधी टेप घेऊन खोली मोजली नाही, कधी आकडा लिहिताना हात थांबला नाही, कधी कोणी त्याला विचारलं नाही की ही मापं एवढी विचित्र का, जे साइटवर पहिल्याच दिवशी कोणीही विचारतो, मिस्त्री तर नक्कीच विचारतो. तीन मिनिटांचा असा एक सीन मध्ये टाकला असता तर भाषणाची गरजच नव्हती, आपल्यालाच घरी येताना रिक्षात सुचलं असतं. म्हणून म्हणतो, अख्खा पिक्चर उघड्या काँक्रीटवर, गिलावा न करण्यावर, आणि शेवटी याच लोकांनी हनीकोंबिंग झाकायला प्लास्टर मारलं.

मुलगी म्हणते बाबा तुम्ही चुकताय. तिचं म्हणणं असं की भाषण झोफियाचं आहे, लास्लोचं नाही, तो तर गप्पच बसलाय, तेव्हा ती सांगते ते खरंच आहे कशावरून? माणूस गप्प झाल्यावर घरचे लोक त्याच्या कामाला हवा तो अर्थ चिकटवतात, यावरच तो शेवट आहे. शिवाय ती म्हणाली १९८० चं ते खरं बिएनाले पोस्टमॉडर्नवाल्यांचं होतं, म्हणजे उघड्या काँक्रीटचा साधेपणा नको म्हणणाऱ्यांचं, पाओलो पोर्तोगेसी या आर्किटेक्टने भरवलेलं, खांब, कमानी, जुन्या नक्षीच्या दर्शनी भिंतींची अख्खी गल्लीच उभी केली होती, तिथे उघड्या काँक्रीटवाल्या म्हाताऱ्याचा सत्कार म्हणजे मुळातच टोमणा आहे. असेल बुवा. मुद्दा हुशार आहे, पण थिएटरात बसलेल्या दोनशे लोकांपैकी किती जणांना हे माहीत असणार? मला तर माहीत नव्हतं आणि मी याच धंद्यातला. ज्या टोमण्याला सोबत आर्किटेक्ट मुलगी न्यावी लागते तो टोमणा पोचला असं कसं म्हणायचं.

यावरून आमचं घरी येईपर्यंत भांडण चाललं, मग विषय दिल्लीतल्या हॉल ऑफ नेशन्सवर गेला. प्रगती मैदानातला तो, १९७२ चा, राज रेवाल यांचं डिझाइन आणि महेंद्र राज यांचं स्ट्रक्चर, स्टील महाग म्हणून अख्खी स्पेस फ्रेम, म्हणजे दांड्यांच्या जाळीचा सांगाडा, जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये केली होती, जगात तसं एवढं मोठं कोणी केलं नव्हतं. मी नोकरीला लागलो त्या वर्षी मुद्दाम बघायला गेलो होतो, गळ्यात कॅमेरा वगैरे, जॉइंट बघत मान दुखेपर्यंत उभा होतो. एप्रिल २०१७ मध्ये रात्रीत पाडला. त्याच्यासाठी कोणी भाषण केलं नाही, कोणी सांगितलं नाही की ही मापं अशी का होती. हे आठवल्यावर झोफियाच्या भाषणावरचा माझा राग थोडा उतरला, हे मुलीला बोललो नाहीये, इथे लिहितोय.

तुम्हाला एक विनंती, परीक्षणात लांबी छापताना मध्यंतर धरून की सोडून ते लिहा, आमच्या शोला तीनचार लोक दुसऱ्या भागात बसचं बघून उठले, शेवटची बस सव्वाअकराची असते. आणि शहरातल्या एखाद्या फिल्म क्लबने हा मोठ्या पडद्यावर सकाळचा लावला तर मी परत जाईन, मुलगी पण येणार म्हणते, फक्त ती व्हेनिस संपेपर्यंत बसणार आणि मी बाहेर चहाला.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा नसेल तर एआय कापा, ऑस्कर कापा, बिएनालेचं कापलंत तरी चालेल, उंचीवाल्या परिच्छेदाला मात्र हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर
सिंहगड रोड, पुणे